फुकटात शिकलेली मुलगी

आमच्या गल्लीत अजूनही सांगतात की मी फुकटात शिकले. गेल्या दिवाळीत माहेरी गेले, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काकूंनी त्यांच्या नव्या सुनेला माझी ओळख अशीच करून दिली. "हे आपली वैशू, सरोजची पोरगी. एक पैसा न देता इंजिनेर झाली." मी मान हलवली आणि साखर घेऊन घरी आले. इतकी वर्षं मी मानच हलवत आले आहे. त्या कॉलेजच्या दिवसांबद्दल लिहायचं तर राग उतरल्यावर लिहावं, शांतपणे लिहावं, असं मी मनाशी म्हणत होते. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, राग काही उतरला नाही. तेव्हा आता आहे तसाच लिहून टाकते.

आमचं घर नागपुरात, गांधीबागेच्या मागे, कापडबाजाराची गर्दी संपते आणि गल्ली इतकी अरुंद होते की समोरासमोर दोन सायकली आल्या तर एकीने मागे जावं लागतं, तिथे. आजोबा विणकर होते. पुढच्या खोलीत त्यांचा माग होता आणि मागाखाली पाय सोडून बसायचा खड्डा होता. माग विकला गेला, खड्डा सिमेंटने बुजवला. त्या चौकोनाची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा थंड लागायची आणि उन्हाळ्यात मी तिथेच पालथी पडून अभ्यास करायचे. बाबा ठोक कापडाच्या दुकानात कामाला. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर थान उलगडायचे, पुन्हा गुंडाळायचे आणि प्रत्येक वाक्याला "हो जी" म्हणायचे. रात्री घरी आले की त्यांचा आवाज बसलेला असायचा, पण सवय सुटायची नाही. आईने पाणी हवं का विचारलं तरी "हो जी" म्हणायचे आणि मग स्वतःच ओशाळायचे. आई डबे करायची. बाजारातल्या दुकानांतली पोरं, दोन-तीन मुनीम, बाहेरगावाहून आलेले एक-दोन मास्तर, असे तिचे ठरलेले लोक. सकाळी मला गजर लागायचा नाही. डब्यांची झाकणं बसवताना होणारा खणखणाट, कुकरची शिट्टी आणि आत्याच्या लाटण्याचा एकसारखा ठोका यांनी मी जागी व्हायचे. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आतच ती परत आली होती. का आली ते घरात कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पोळ्या मात्र तिच्यासारख्या गल्लीत कोणाला जमत नसत. भिवापुरी मिरची भाजायची वेळ आली की ती आधी दारात जाऊन ओरडायची, "नाकं झाका बाप्पा!" आणि मग गल्लीभर ठसका लागायचा.

रविवारी डबे बंद. तो आईचा नियम होता आणि त्या नियमापुढे मुनिमांचंही काही चालत नसे. रविवारी ती फक्त आमच्यासाठी रांधायची, त्या थंड फरशीवर आम्ही चौघं गोल करून बसायचो आणि बाबा दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. एरवी गप्प असलेला तो माणूस रविवारी दुपारी इतकं हसवायचा की आत्याला घास खाली ठेवावा लागे. आमच्या घरात श्रीमंती होती ती एवढीच. ती मोजायची असते हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, नाहीतर त्या टायवाल्या मुलाला आधीच विचारलं असतं.

टायवाला मुलगा म्हणजे एका खाजगी विद्यापीठाचा माणूस. बारावीत मला चांगले मार्क मिळाले. अमरावतीच्या सरकारी कॉलेजात नंबरही लागला. आई-बाबा मुलीला परगावी कसं पाठवायचं या विवंचनेत होते, तेवढ्यात हा मुलगा पत्ता शोधत घरी आला. खाटेवर बसला, आईच्या हातचा चिवडा दोनदा मागून खाल्ला आणि म्हणाला, "काका, वैशालीला हंड्रेड परसेंट स्कॉलरशिप आहे. नागपुरातच शिकेल. तुमच्या डोळ्यांसमोर."

"म्हणजे आमाले काहीच द्याचं नाही जी?" बाबांनी विचारलं.

"ट्यूशन फी पूर्ण माफ, काका."

बाबांनी "पूर्ण माफ" ऐकलं. आम्ही सगळ्यांनीच तेवढंच ऐकलं. आधीचे दोन शब्द त्याने खोटे उच्चारले नव्हते, लपवलेही नव्हते. फक्त हलके म्हटले होते. मी पुढे नोकरीत पुष्कळ करार वाचले, पण शब्द हलका म्हणण्याची ती कला मला पुन्हा कुठे दिसली नाही. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले गेले. अमरावतीची जागा आम्ही सोडून दिली. माझे मूळ कागद, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं त्या मुलाने सांगितल्याप्रमाणे आम्ही विद्यापीठात जमा केलं.

ते विद्यापीठ शहराबाहेर होतं. काचेची इमारत, पुढे हिरवंगार लॉन, आत इतकी थंड हवा की बाबा खिडकीपुढे उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातावर काटा आलेला मला दिसला. खिडकीमागच्या मुलीने कागद पुढे सरकवला. ट्यूशन फी माफ होती, खरंच होती. त्याखाली वसतिगृह, मेस, विकास निधी, अनामत, ब्लेझर आणि त्यांच्याच दुकानातून घ्यायचा लॅपटॉप.

"पन आमाले होस्टेल नाही पाहिजे जी," बाबा म्हणाले. "घर इथंच आहे, गांधीबागेत. बसनं येणं-जाणं करन ते."

"अंकल, स्कॉलरशिपवाल्यांना होस्टेल कंपल्सरी आहे. मेसपण. रूल आहे."

बाबा माझ्याकडे बघू शकले नाहीत. अमरावतीच्या प्रवेशाची मुदत संपली होती आणि कागद त्या खिडकीच्या मागे होते. ते म्हणाले, "हो जी."

घरी आईला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. वसतिगृहाचं तिने मुकाट ऐकलं. मेसचं ऐकल्यावर तिने हातातली कढई खाली ठेवली. "जेवाचे पैसे? माझ्या पोरीच्या जेवाचे पैसे मी दुसऱ्याले देऊ? आन् तेही इथंच, नागपुरात राहून?" आत्या लाटता लाटता म्हणाली, "सरोज, हे माफी नाही वं, हे वसुली आहे." पण आत्याचं बोलणं आमच्या घरात कोणी मनावर घेत नसे.

मग घर बदललं. एका दिवसात बदललं असतं तर आम्ही निदान भांडलो असतो. हळूहळू बदललं. डबे दुप्पट झाले. पुढच्या खोलीत दुसरी शेगडी आली ती नेमकी त्या थंड फरशीवर. रविवारचा नियम आधी एका रविवारपुरता मोडला, मग मोडलाच. बाबा सुटीच्या दिवशी दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा माल लावायला जाऊ लागले. ते घरात नसले की नकला कोण करणार? महिन्यातून एकदा परवानगी काढून मी घरी यायचे तेव्हा मला बसायला जागा शोधावी लागे. आई, आत्या, बाबा आता एकत्र जेवत नव्हते. डबे भरून जे उरेल ते ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा, बहुतेकदा उभ्यानेच, खात होते. आईच्या मनगटावर भाजल्याचे डाग होते. मी विचारलं की ती म्हणायची, "रांधनाऱ्या बाईच्या हाताले डाग नसन तं कोणाच्या हाताले असन?" आणि मला गरम पोळी वाढायची. मी पाहुणी झाले होते. माझ्याच घरात मला आग्रह होऊ लागला होता.

परवा माझ्या नवऱ्याची भाची मोबाइल घेऊन आली. अशाच एका विद्यापीठाची जाहिरात, तीच शंभर टक्क्यांची भाषा. "मामी, ही माफी धरून वर खर्च किती येतो गं?" तिने विचारलं. मी तिला यादी सांगू लागले आणि मध्येच थांबले. बाबांच्या नकलांचे किती धरायचे, ते मला सांगता येईना.

वसतिगृहातल्या जेवणाबद्दल एवढंच म्हणते, की वरणात डाळ शोधावी लागायची आणि ती शोधताना मला आईच्या शेगडीपुढचा घाम आठवायचा. पण जेवणाहून वाईट तो निळा पट्टा होता. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलामुलींनी कार्यक्रमाच्या दिवशी खांद्यावरून कमरेपर्यंत एक निळा पट्टा घालायचा, पाहुण्यांना इमारत दाखवायची, पाणी द्यायचं, खुर्च्या मांडायच्या. पैसे भरून शिकणारी मुलं त्या दिवशी सुटी असल्यासारखी फिरायची आणि आम्ही पट्टेवाले ट्रे घेऊन उभे. माझ्या खोलीत भिवापूरची प्रणाली नावाची मुलगी होती. पहिल्या वर्षी तिच्या घरी मेसचे पैसे जमले नाहीत, तेव्हा ती सोडून जायला निघाली. ऑफिसने तिला सांगितलं, मधेच जागा सोडली तर उरलेल्या सगळ्या वर्षांची फी भरा, त्याशिवाय कागद मिळणार नाहीत. आत राहायला पैसे नाहीत आणि बाहेर पडायला त्याहून जास्त पैसे लागतात, अशा ठिकाणी ती मुलगी एक दिवस पेटी घेऊन कागदांशिवायच घरी गेली. तिचं पुढे काय झालं मला कळलं नाही. तिच्या पलंगावर आठवड्यात दुसरी मुलगी आली, तिच्याही खांद्यावर निळा पट्टा.

दुसऱ्या वर्षी त्यांनी कृतज्ञता सोहळा ठरवला. देणगीदार येणार, शिष्यवृत्तीवाल्यांचे पालक येणार. विद्यार्थी कल्याण विभागाच्या मृणाल मॅडम होत्या, गोड बोलणाऱ्या. त्यांना कुठून तरी कळलं की माझी आई स्वयंपाक करते. त्यांनी मला बोलावून घेतलं. "वैशाली, किती छान कल्पना आहे बघ. तुझ्या आईने पाहुण्यांसाठी अस्सल वऱ्हाडी जेवण करायचं. संस्थेने तुमच्यासाठी इतकं केलं, तुमच्याकडून ही छोटीशी परतफेड. साहित्याचं आपण नंतर बघू."

मला वाटलं आई नाही म्हणेल. आई खूश झाली. चांगल्या मोठ्या लोकांना आपल्या हातचं खायला मिळणार याचाच तिला आनंद. त्या दिवसाचे सगळे डबे बंद ठेवून, आत्याला मदतीला घेऊन, घरचं बेसन, घरचं तेल, घरचा मसाला घालून तिने पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, इतका ताजा की बाबा पहाटे स्वतः जाऊन घेऊन आले होते. ती हिरवं लुगडं नेसली होती आणि पातेल्यांबरोबर टेम्पोत बसून ती विद्यापीठात आली. पाहुणे जेवले, पुन्हा वाढून घेतलं, नाकं पुसत पुन्हा जेवले. मी पट्टा घालून वाट्या वाटत होते आणि खरं सांगते, त्या तासाभरात मला तिचा फार अभिमान वाटला.

मग भाषणं झाली. चेअरमन उठले. त्यांनी आईला स्टेजवर बोलावलं, तिच्या शेजारी उभे राहिले आणि माइकमध्ये म्हणाले, "ही माउली दिवसभर लोकांना जेवू घालते. पण तिच्या स्वतःच्या लेकीला दोन वेळचं पोटभर जेवण कोण देतं? आपली संस्था देते! याला म्हणतात सामाजिक बांधिलकी." टाळ्या झाल्या. मृणाल मॅडमने आईच्या हातात माइक दिला आणि हळूच सांगितलं, "दोन शब्द बोला काकू, थँक्यू म्हणा फक्त."

आईने माइक दोन्ही हातांनी धरला. "नमस्कार. पाटोडी जमली का सगळ्याइले?" लोक हसले, पुन्हा टाळ्या. तीही थोडी हसली. मग म्हणाली, "साहेब बोलले ते चांगलंच बोलले. पोरीची फी माफ केली, त्याचे उपकार हाएत आमच्यावर. पन एक सांगाचं राहिलं त्याइचं. जेवाचे पैसे आमी भरतो जी. आधी भरतो, मंग जेवते ते. होस्टेलचेबी भरतो. घर गांधीबागेत असून भरतो." तिने माइक तोंडाजवळ ओढला. "आन् माझी पोरगी उपाशी नव्हती साहेब. तुमच्याकडे याच्या आधीबी नव्हती. बस, एवढंच." तिने माइक मॅडमच्या हातात परत दिला, पदर सावरला आणि पायऱ्या बघत खाली उतरली. पहिल्या रांगेतले एक वयस्क देणगीदार शेजारच्याला मोठ्याने विचारत होते, "मेसचे पैसे घेतात यांच्याकडून?" कोणीतरी घाईघाईने गाणं लावलं.

दोन दिवसांनी आई-बाबांना डीनच्या ऑफिसात बोलावलं. मलाही. डीन आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ होते. संस्थेची प्रतिमा, देणगीदारांचा गैरसमज, विद्यार्थिनीचं भवितव्य, असं बराच वेळ बोलून ते म्हणाले की आईने माफी मागितली तर विषय इथेच संपेल, नाहीतर शिष्यवृत्तीचा फेरविचार करावा लागेल.

"मी खोटं बोलली का साहेब?" आईने विचारलं.

"खोटं नाही म्हणत मी. जागा चुकली तुमची."

"जागा तं तुमीच देल्ली. मी कुठं चढून बसली होती? मले बोलावलं, माइक देल्ला, तुमीच म्हटलं बोला."

"ताई, तुम्ही समजून घेत नाही. हिची दोन वर्षं राहिली आहेत."

आई काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी हात जोडले. दुकानात गिऱ्हाईक चिडून निघालं की जोडतात तसे, कोपरं अंगाशी घट्ट धरून, मान थोडी खाली घालून. "चुकलं जी. तिले बोलता येत नाही. पोरीकडे पाहा जी तुमी. माफ करा." डीन लगेच म्हणाले, "अहो, हात काय जोडता, बसा, बसा." त्यांना हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मिळाल्यावर त्यांना चहा सुचला. त्यांनी आम्हाला चहा पाजला. मी तो प्यायले नाही. बाबा प्यायले, आवाज न करता, बशी अजिबात न वाजवता.

फाटकाबाहेर आल्यावर आई त्यांच्यावर धावून गेली. "हात काहून जोडले तुमी? काय चोरी केली आपण?"

"दुकानात दिवसभर जोडतो वं," बाबा म्हणाले. "अजून एक बार जोडले तं काय झिजले? हिचे कागद त्याइच्याजवळ हाएत, ते इसरली का तू?" बस येईपर्यंत बाबा रस्त्याकडे बघत उभे होते. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. माझ्या शिक्षणाची खरी किंमत मला विचाराल, तर ती त्या खोलीत भरली गेली. त्याची पावती कोणी दिली नाही. दुकानात हात जोडल्याचा त्यांना निदान पगार मिळत होता.

सोडून जावं असं मला त्या रात्री वाटलं, पण सोडून कुठे जाणार? प्रणालीचा पलंग माझ्या समोर होता. म्हणून जे करता येण्याजोगं होतं ते केलं. दुसऱ्या दिवशी निळा पट्टा मृणाल मॅडमच्या टेबलावर ठेवला. "हे काय गं?" त्या म्हणाल्या. मी सांगितलं, फी माफ आहे म्हणून मी अभ्यास करीन, पहिला नंबर काढीन, पण वाट्या उचलणार नाही. त्यांनी पुन्हा फेरविचाराची भाषा केली. मी म्हटलं, करा. त्यांनी केला नाही. त्यांच्या रंगीत पुस्तिकेत माझ्या निकालाची त्यांना गरज होती, हे तोवर मला कळलं होतं आणि मला ते कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. मग मी वॉर्डनकडे गेले आणि सांगितलं की मी आजपासून घरी राहणार.

"होस्टेलची फी परत मिळणार नाही," ती म्हणाली. "मेसचीही नाही."

"मागितली कुठे मी?"

"मग काहून जाऊन राहिली? पैसे भरले तं राह्य ना इथं."

तिचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. मी बॅग उचलली. त्यानंतर शेवटपर्यंत मी रोज दोन बस बदलून येत-जात राहिले आणि वसतिगृहातल्या माझ्या पलंगाचे व मेसमधल्या माझ्या ताटाचे पैसे घरून दर सहा महिन्यांनी, वेळेवर, आधी भरले जात राहिले. पदवी मिळाली, कागद मिळाले, नोकरी लागली. ते सगळं पुढचं. आजही त्या विद्यापीठातून कधीकधी कोणीतरी नव्या आवाजाचं माणूस फोन करतं, मॅडम, तुमच्या यशाबद्दल दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. मी मेसच्या पैशांचं सांगायला सुरुवात केली की फोन ठेवला जातो.

पण त्या पहिल्या संध्याकाळी मी बॅग घेऊन गल्लीत शिरले, तेव्हा बाबा नुकतेच दुकानातून आले होते, आत्या कणीक आवरत होती. मी बॅग भिंतीशी ठेवली. आईने डब्यांचे ढीग पायाने बाजूला सरकवून जागा केली आणि गोळाभात वाढला. डाळीचे गोळे भातावर फोडून वर कडकडीत फोडणीचं तेल घातलं. मी खाली मान घालून जेवू लागले. दोन घास झाल्यावर तिला काय वाटलं कोण जाणे, ती हसायला लागली. "पाहा वं बाई," ती आत्याला म्हणाली, "दोन जागी पैसे भरून एका जागी जेवून राहिली हे. एवढं महाग जेवन तं रामदासपेठेतल्या हॉटेलातबी भेटत नसन!" आत्याला हसू फुटलं. बाबाही हसले, बसलेल्या आवाजात, कितीतरी दिवसांनी. ते तिघं मला बघून हसत होते आणि मी रागाने जेवत होते. पोट भरलं तरी जेवत होते.